उतारावरचे मामा

"माझ्या पाठीकडं बघ, पान्याकडं बघू नको."

मामांनी मला म्हटलेलं हे पहिलं वाक्य. मी नवी नवरी, बैलगाडीत बसलेली, डोक्यावर पदर आणि मांडीवर ओटीचा नारळ. गाडीची चाकं निम्मी पाण्यात आणि पुढे कमरेइतक्या पाण्यात एक उघडाबंब माणूस काठीने वाळू चाचपत चाललेला. परक्या पुरुषाच्या उघड्या पाठीकडे बघत सासरी जायचं, हे मला मोठं चमत्कारिक वाटलं. पण वाहत्या पाण्याकडे टक लावली की डोकं गरगरतं, हे तुम्ही कधी नदीतून चालला असाल तर तुम्हाला सांगायला नको. मी मुकाट्याने पाठीकडे बघितलं. पाठीवर उजव्या अंगाला एक मोठा मस होता. घाट येईपर्यंत माझी त्या मसाशीच ओळख झाली.

मी झरीची. वडील तिथल्या शाळेत मास्तर, त्यामुळे चार अक्षरं मला येत होती आणि त्याचा थोडा तोराही होता. झरी म्हणजे परभणीजवळचं मोठं बागायती गाव. तिथून मला दिली ती गंगेपल्याड, सोनपेठच्या अंगाला, चाळीसेक घरांच्या एका वस्तीत. गोदावरीला तिकडे गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गावात एक मारुती, एक चावडी, घाटावर एक थोराड पिंपळ आणि उरलेली सगळी ज्वारी-कापसाची काळी जमीन. मीठमिरची सोनपेठच्या बाजारातून यायची. सोनपेठ आमच्याच काठाला होतं, पण बाकी सगळं जग नदीच्या पलीकडे होतं. परभणी पलीकडे, रेल्वे पलीकडे आणि आम्हा बहुतेक सुनांची माहेरंही पलीकडे. राज्य निजामाचं होतं असं म्हणायचे. आम्हा बायकांना विचाराल तर राज्य गंगेचं होतं. पावसाळ्यात ती दुथडी भरली की कुणाची आई आजारी पडली तरी कळायचं नाही.

पाणी ओसरलं की उतार सुरू व्हायचा. उतार म्हणजे नदीतून गाडी पार होईल अशी उथळ वाट. ही वाट दर वर्षी निराळी, कारण पूर वाळू उचलून कुठून कुठे नेऊन टाकतो. दिवाळी झाली की मामा ती शोधायला निघत. गावात तो त्यांच्या घराण्याचा मान होता. त्याबद्दल सुगीला घरटी ज्वारी मिळायची. एरवी त्यांचं आपलं एक लहानसं शेत होतं, घाटाजवळ एक खोपटं होतं आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. मामी मी येण्याआधीच वारल्या होत्या. उतार शोधायच्या आधी आठवडाभर ते तळपायांना एरंडेल चोळत बसत. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तळव्याला ऐकू आलं पायजे." मग दोन-चार दिवस पाण्यात उभे-आडवे फिरून वाट ठरवत.

ती वाट इतरांना कळावी कशी? आमच्या गावापाशी धार आमच्या काठाला लागून वाहते आणि पलीकडे वाळूचं भलंमोठं मैदान पसरतं. त्या वाळूत मामा एका ओळीत काठ्या रोवायचे. प्रत्येकीच्या टोकाला कडब्याचा झुबका. शेवटची काठी अगदी पाण्याच्या कडेला. पलीकडून येणाऱ्या गाडीवानाने काठ्यांच्या ओळीने यायचं आणि शेवटच्या काठीपासून गाडी नीट समोरच्या पिंपळावर धरायची, की चाकाखाली टणक वाळू. ओळीच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, थोडं अंतर सोडून डोह होता. पण काठी सोडून जायचंच कशाला?

गावात येणाऱ्या प्रत्येक नव्या नवरीच्या गाडीपुढे मामा स्वतः चालत, आणि त्या दिवसापासून ती त्यांची भाची. सासरी कुणीतरी आपल्या बाजूचं असावं म्हणून हा रिवाज कुण्या शहाण्या बाईने पाडला असावा, असं मला वाटतं. मामांनी तो फारच मनावर घेतला होता. एकदा माझ्या नवऱ्याने माझ्यावर आवाज चढवला, तर दुसऱ्या दिवशी मामा ओसरीवर हजर. भांडले नाहीत. नुसते बसून राहिले, दोनदा पाणी प्यायले आणि जाताना नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, गळा बसला का काय तुमचा?" सासूबाई मागून पुटपुटल्या, "हुंड्यात आलंय हे मामा." पण पंचमीला ते भुईमुगाच्या शेंगांचा ओचा घेऊन आले की पहिला वाटा सासूबाईच काढून घ्यायच्या. त्याही कधीकाळी मामांच्या वडिलांच्या पाठीकडे बघतच या गावात आल्या होत्या.

माझ्याच वर्षी कौसा आली. पलीकडच्या काठापासून दोन कोसावरच्या गावची. हसरी, गोल चेहऱ्याची. तिची भाकरी नेहमी एका बाजूला करपायची. मामा तिच्या दारावरून जाताना नाक वर करून वास घ्यायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. कौसा आतून ओरडायची, "मामा, आज न्हाई करपली." मामा म्हणायचे, "मी काय म्हनलो?" हा खेळ त्यांचा रोजचा होता. पुढे ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. आम्ही मैत्रिणी, मी तिला घाटापर्यंत सोडलं. मला तोवर दिवस गेले नव्हते आणि कौसा मला त्यावरून कधी टोचून बोलली नव्हती, म्हणूनही ती मला आवडायची.

आता त्या वाळूची गोष्ट सांगायला हवी. पौषात पाणी आटलं की गावातली सात घरं पलीकडच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावायची. आळी करायची, खत घालायचं, वेल वाळूवर पसरायचे. चैत्रात आमची टरबुजं सोनपेठच्या बाजारात हातोहात जायची. एक वाडी आमच्या घराची होती. वाड्या उताराच्या वाटेला खालच्या अंगाने लागून असत आणि नियम एकच, वाट मोकळी सोडायची. गाडीची चाकं आळ्यांवरून जातात, बैल वेलांना तोंड लावतात, म्हणून वाडीवाले कुरकुरायचे. मामा रोज संध्याकाळी काठ्यांवरून एक फेरी मारायचे, त्यामुळे कुरकुर तोंडातच राहायची.

त्या वर्षी तालुक्याचा मोठा अंमलदार दौऱ्यावर आला. दौरा म्हणजे वेठ आलीच. गावातल्या गाड्या सामानासाठी धरून नेल्या आणि वाट दाखवायला मामांना नेलं. चार-पाच दिवस गावात गाडी नव्हती आणि वाळूत फेरी मारायला मामा नव्हते.

पहिल्या वाडीवाल्याने आपल्यासमोरची काठी हातभर वर सरकवली. हातभर म्हणजे काय? काहीच नाही. त्याच्या पुढच्याने पाहिलं की ओळ आता आपल्या आळ्यांवर येतेय, त्याने दोन हात सरकवली. असं करत करत सातवी काठी, पाण्याच्या कडेची, कितीतरी वर गेली. सातांपैकी एकानेही मनात पाप आणलं नव्हतं. आमच्या सासऱ्यांनीही नाही. वेल धरेपर्यंत राहू दे, मामा आले की नीट करतील, एवढाच प्रत्येकाचा हिशोब. आमच्या गावाखेरीज ही चूक दुसऱ्या कुणाला जमली नसती, कारण आमच्याइतका त्या काठ्यांवर आणि मामांवर भरवसा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी धुकं होतं. कौसाच्या बापाने लेकीला नातीसह सासरी धाडलं होतं. गाडीवर नवा सालगडी होता. त्याला सांगितलेलं होतं, शेवटच्या काठीपासून पिंपळावर धर. त्याने तसंच केलं. गाडी डोहात गेली. बैल जुवात अडकले. सालगड्याने तान्ही पोर एका हाताने वर धरली आणि तो कसाबसा तरून आला. कौसा दुपारी सापडली.

मामा त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी वेठीवरून सुटून आले. घाटावर कौसाला घोंगडीवर ठेवलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग एकटेच पाणी ओलांडून वाळूत गेले आणि बराच वेळ काठ्यांमधून फिरत राहिले. लांबून आम्हाला वाटलं, त्यांचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सोनपेठहून पोलिसांचा अमीन आला. काठ्या कुणी लावल्या, त्याने विचारलं. "मी लावल्या," मामा म्हणाले. चुकीच्या जागी का लावल्या? "चुकलं." सगळं गाव चावडीपुढे उभं होतं आणि सात घरचे कर्ते पुरुष आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. कुणीतरी आत्ता बोलेल, असं मला वाटत राहिलं. मामांना दोरी लावून नेलं. तान्ह्या पोरीला कौसाचा बाप आपल्या घरी घेऊन गेला. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी जेवले.

पावसाळ्याच्या तोंडाला मामा सुटून आले. एक खांदा वाकडा झाला होता. मी वाटेत गाठून पाया पडले आणि "मामा" म्हणाले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मामा म्हनू नको, बाई. मी नुसता काठीवाला हाय." त्यानंतर पंचमीला शेंगा आल्या नाहीत. नव्या नवरीच्या गाडीपुढे ते चालायचे, पण तिच्याकडे न बघता. कौसाच्या घरावरून जायचं टाळायला ते मारुतीमागून लांबचा फेरा घ्यायचे. गावाने मात्र त्यांना फार जपलं हो. ज्वारी मापाला सांडेपर्यंत घालायचे, सणाला सात घरची सात ताटं जायची. तो माणूस स्वतःला खाऊन घेत होता आणि आम्ही त्याला पुरणपोळी वाढत होतो. ताट घेऊन मीच जायची. वर ठेवलेलं तूप थिजायचं, तरी ते हात लावायचे नाहीत.

माझी कूस उशिरा उजवली, कौसा जाऊन चार वर्षं झाल्यावर. झरीहून तीन महिन्यांचं बाळ घेऊन मी परत आले तेव्हा मामा वाळूत उभे होते. त्यांनी गाडी थांबवली, मला खाली उतरवलं, बाळ स्वतःच्या छातीशी घेतलं आणि मला मागून पायी यायला सांगितलं. पाणी मांडीपर्यंतच होतं. तरी प्रत्येक पाऊल ते चाचपून टाकत होते. घाटावर पोचल्यावर बाळ सासूबाईंच्या हातात देताना त्यांना बोटं सोडवेनात. सासूबाईंनी एकेक बोट हळूच सुटं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एका टोपलीत ज्वारी घेतली आणि मला म्हणाल्या, चल माझ्यासंगं.

मामा खोपटापुढे बसून काठी तासत होते. सासूबाई समोर बसल्या. जन्मात कुणापुढे मान न वाकवलेली बाई ती.

"भावजी, काठ्या तुमी चुकीच्या लावल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "आमच्या मानसांनी सरकवल्या. आमच्या ह्यांनी बी."

मामांचा कोयता थांबला नाही. "ठावं हाय, वयनी."

तासलेली काठी त्यांनी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

"वाळूत जुनी भोकं तशीच हुती. अमीन यायच्या आदी मीच पायानं बुजवली. सात घरचे गडी नेले असते त्यानं. त्या सातही घरांत माझ्या भाच्या हायत."

मी त्या सातांतली एक. मी तिथे टोपली धरून उभी होते आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं. माझा संसार या माणसाच्या वाकड्या खांद्यावर उभा होता आणि मी त्याला सणाचं ताट नेऊन देत होते.

मग इतकी वर्षं तुम्ही झुरता कशापायी, सासूबाईंनी विचारलं.

मामांनी काठी खाली ठेवली. "कौसाचा बाप आला हुता, कोठडीत. माझे हात धरले. म्हनला, तू असा चुकनारा मानूस न्हाईस, खरं काय ते सांग. त्याच्या तोंडावर खोटं बोललो मी. ती बी भाचीच हुती की माझी." मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग, वयनी? पल्याड जाऊन त्याला सांगा. मी म्होरं चालतो."

सासूबाई हो म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, हे मी शपथेवर सांगेन. घरात त्यांनी कुणाला काही कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर बाळ जावेजवळ ठेवून आम्ही घाट उतरलो. पुढे मामा, मग सासूबाई, मागे मी. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला. मामा मान वळवून न बघता संथ चालत होते, आणि त्यांचा वाकडा खांदा त्या दिवशी मला थोडा सरळ झाल्यासारखा वाटला.

निम्म्या पाण्यात मागून हाक आली. माझा नवरा बैलांना पाण्यावर घेऊन आला होता. "आई, कुठं निघाली?" एवढंच तो म्हणाला. सासूबाई थबकल्या. त्यांनी वळून लेकाकडे पाहिलं. त्या काठावर उभा असलेला लेक, घरी दमेकरी नवरा, सोनपेठचा तो अमीन, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून गेलेलं मी पाहिलं. त्या मला म्हणाल्या, "लेकरू रडत आसंल घरी." आणि माझं मनगट धरून माघारी वळल्या.

पकड घट्ट होती. पण मी काही पाच वर्षांची पोर नव्हते. मनगट सोडवून घेता आलं असतं. काठावर माझाही नवराच उभा होता.

मामा पाण्यात उभे होते. आम्ही घाटाच्या पायरीला लागल्यावर ते वळले आणि चालू लागले. ओलं धोतर पायाला चिकटलेलं, वाळूवरून जाताना ते लहान लहान होत गेले. संध्याकाळी परतले नाहीत. त्यानंतर कधीच नाही.

पुढचे काही महिने आम्ही भीतीत काढले. सोनपेठच्या वाटेला किंवा पलीकडे धूळ उडाली की सात घरांची दारं लागायची. पण अमीन आला नाही आणि कौसाच्या भावकीतलंही कुणी जाब विचारायला आलं नाही. सोनपेठच्या बाजारात एवढंच कळलं की मामा कौसाच्या बापाकडे राहतात, त्याच्या शेतात राबतात. त्याला त्यांनी काय सांगितलं आणि तो काय म्हणाला, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. जाऊन विचारायचं तोंड कुणाला होतं?

त्या वर्षी रझाकारांची धास्ती सुरू झाली आणि लोक जपून बोलू लागले. आमच्या गावाला जपून बोलायची सवय आधीच झालेली होती. दिवाळी झाली, पाणी ओसरलं, तरी उतार लागेना. दोघा-तिघांनी वाट शोधून पाहिली. एक गाडी रुतली, एका बैलाचा पाय गेला. मग गाडी पाण्यात घालायला कुणी धजेना. टरबुजाच्या वाडीचं तर त्या वर्षी कुणी नावच काढलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही बायका घाटावर पाणी भरत होतो. पलीकडच्या वाळूत काठ्यांची ओळ दिसली. पाण्यात कमरेइतकं शिरून मामा वाळू चाचपत होते. आमच्या पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर आले, इतके की पांढरी दाढी दिसली. आमच्याकडे मान वर केली नाही. वळले आणि परत गेले. पाण्याच्या कडेला पाच वर्षांची एक पोर हातात शेवटची काठी धरून उभी होती, आणि तिच्या टोकाचा कडब्याचा झुबका तिच्या डोक्याच्याही वर जात होता. गोल चेहरा. कुणी सांगायची गरज नव्हती. मामांनी ती काठी रोवली आणि हलवून पाहिली.

पोरीने आमच्याकडे बोट दाखवून त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी वाकून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण ऐकताच पोर हसली आणि आम्हाला हात हलवू लागली, लेकरं मावशीला हलवतात तसा. बराच वेळ हलवत होती. आमच्या घागरी कधीच्या भरल्या होत्या. घाटावरून कुणी हललं नाही, आणि हात कुणाचाच वर झाला नाही.